चुना बोलला

वाघमोडेकाका,

परवा तुमच्या शोकसभेत माझं नाव पुकारलं, तेव्हा मी माइकपर्यंत गेले, दोन्ही हातांनी टेबल धरून उभी राहिले आणि "मला जमणार नाही" एवढंच बोलून परत येऊन बसले. सगळ्यांना वाटलं, मला गहिवरून आलं. शेजारच्या मॅडमनी तर पाठीवरून हात फिरवला. तो गहिवर नव्हता, काका. मला लाज वाटत होती. सभेच्या तासाभर आधी मला कळलं होतं की त्या सोळा चकत्यांच्या बाबतीत तुम्ही खरे होता आणि मी खोटी. आणि ज्याला हे सांगायचं तो माणूस पंधरा दिवसांपूर्वी सकाळी दूध घेऊन घरी आला, पिशवी ओट्यावर ठेवली, तिथेच खाली बसला आणि उठलाच नाही.

म्हणून हे लिहितेय. तुम्ही वाचणार नाही हे मला ठाऊक आहे. मी देवाधर्माची बाई नाही. 'जिथे असाल तिथून' वगैरे माझ्या तोंडून निघत नाही. तुम्ही कुठेच नाही आहात. माझा सगळा घोळ तिथेच आहे.

सभेत आपले विभागप्रमुख म्हणाले, "वाघमोडे जी हमारे हाई-स्ट्रेंथ कंक्रीट थे." लोकांनी माना डोलावल्या. तुम्ही असता तर शेवटच्या रांगेत बसून मिशीतल्या मिशीत हसला असता आणि मला हळूच म्हणाला असता, "मॅडमजी, सरांनी ते फुटताना कधी पाहिलं नाही वाटतं." खरंच पाहिलं नसणार. उच्च ताकदीचं काँक्रीट ज्याने घावाखाली पाहिलंय, तो कुठल्याही माणसाला ही उपमा देणार नाही, मेलेल्याला तर नाहीच.

हळूहळू दाबत गेलं तर ते साध्या काँक्रीटच्या दुप्पट-तिप्पट भार सोसतं, यात शंका नाही. पण भार अचानक आला, वरून घण पडला, तर हिशेब बदलतो. साध्या काँक्रीटमध्ये चीर खडीला वळसा घालून जाते, सोपी वाट शोधत. धक्का अचानक बसला की तिला वळसा घालायला वेळच मिळत नाही, मग खडी फोडत जावं लागतं, आणि म्हणून साधं काँक्रीट धक्क्याला आपल्या ऐपतीपेक्षा जास्त झुंजतं. उच्च ताकदीच्या काँक्रीटमध्ये सिमेंटचा लगदाच खडीइतका कडक असतो. चीर तिथे मुळातच खडी कापत सरळ जाते. धक्का बसला म्हणून त्याच्याकडे दाखवायला वेगळं फारसं काही उरत नाही. ते फुटतं ते एकदम, आवाज करून, तुकडे उडवत. हे मी वर्गात चाळीस मिनिटं, चार आलेख काढून शिकवायचे. आणि दुपारी लॅबमध्ये तुम्ही त्याच मुलांना एका वाक्यात सांगायचात, "जिसमें ज़्यादा अकड़, भिया, वो बिना बताए टूटता है." परीक्षेत मुलांना तुमचंच वाक्य आठवायचं. मला त्याचा राग यायचा, आणि तो राग मी कौतुकाच्या हसण्याखाली झाकायचे.

अकड तुमच्यात नव्हतीच. लातूरहून इंदूरला आले तेव्हा मी नवी कोरी डॉक्टरेट घेऊन आले होते आणि लॅबच्या दारातच तुमची मराठी दुरुस्त केली होती. तुम्ही म्हणालात, "मशीन बिलकुल दुरुस्त आहे, फक्त तिला सुबह थोडी गरम व्हायची आदत आहे." मी म्हटलं, "काका, सुबह नाही, सकाळी. आदत नाही, सवय." तुम्ही मान तुकवून म्हणालात, "तुमची मराठी इस्त्रीची, मॅडमजी. आमची रोजच्या वापरातली." आणि मग अभिमानाने सांगितलंत की पणजोबांनी संस्थानच्या फौजेत तलवार चालवली, आजोबांनी कचेरीत कलम, वडिलांनी मिलमध्ये माग, आणि तुम्ही घण, चार पिढ्या हाताचं काम सुटलं नाही. त्या दिवसापासून तुम्ही मला मराठीच्या चुका मुद्दाम करून दाखवायचात. मी दुरुस्त केलं की खूश व्हायचात.

आपलं काम तसं सोपं होतं. बशीएवढी रुंद, अडीच इंच जाडीची काँक्रीटची चकती. तिच्या मधोमध पोलादी गोळी. साडेचार किलोचा घण दीड फुटावरून त्या गोळीवर पडू द्यायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा पडू द्यायचा. दोनच आकडे लिहायचे: कितव्या घावाला पहिली चीर पडली आणि कितव्या घावाला चकती फुटली. घाव मोजायला कुणीही चालतो. फुटलेलं तर आंधळ्यालाही कळतं. सगळी परीक्षा त्या पहिल्या चिरेची. ती केसाहून बारीक असते, आणि ती कुठलंही यंत्र सांगत नव्हतं, तुमची नजर सांगायची. घण उचलायची दोरी माझ्या हातात, आणि तुम्ही स्टुलावर बसून चकतीकडे गाल टेकवल्यासारखे वाकलेले. घाव, घाव, घाव, आणि मग तुम्ही हात वर करून म्हणायचात, "बोलली." मी आकडा लिहायचे. ज्या चकतीत पोलादी तंतू नसायचे, निव्वळ कडक काँक्रीट असायचं, ती बोलायची आणि त्याच घावाला नाहीतर पुढच्या घावाला फुटायची. तुम्ही म्हणायचात, "ही बोलली नाही, ही ओरडली."

चीर दिसावी म्हणून तुम्ही चकतीला चुना लावायचात. ताकाइतका पातळ, एकच हात, लहान मुलाच्या तोंडाला पावडर लावावी तसा. मुलं ओरडायची, "काका चुना लगा रहे हैं!" आणि तुम्ही न रागावता सांगायचात, "दुनिया फसवायला लावते, आपण खरं कळायला लावतो." शंका आली तर तुमचा दुसरा उपाय ठरलेला होता. चकती ओली करायची आणि सुकताना बघत बसायचं. चिरेत पाणी अडकतं, म्हणून चीर सगळ्यात शेवटी सुकते. कोरड्या पृष्ठभागावर तेवढी एक काळी रेघ मागे उरते. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. तुम्ही दिलंत.

आणखीही एक दिलंत, त्याचा उल्लेख मी कधीच केला नाही. पहिल्याच वर्षी एक चकती ओरडली तेव्हा तिचा नखाएवढा तुकडा उडून माझ्या चष्म्याच्या काडीवर आदळला होता. मी कारणं सांगत राहिले, की असं सहसा होत नाही, वगैरे. दुसऱ्या दिवशी आले तर घणाभोवती गोणपाटाचा पडदा, स्वतः दाभणाने शिवलेला, आणि माझ्या बाजूला जाड काचेची खिडकी. "तुमचे डोळे कामाचे आहेत, मॅडमजी," एवढंच म्हणालात. माझे डोळे तुम्ही वाचवलेत, काका. तुमच्या डोळ्यांचं मी काय केलं, ते आता सांगते. तुम्हाला ते ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एवढंच, की मी चुकले होते.

काकूंच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी तुम्ही आठवडाभर रजेवर होता. पोलादी तंतू घातलेल्या त्या सोळा चकत्या लागोपाठ तीन दिवस ओतल्या होत्या आणि त्यांचा अठ्ठाविसावा दिवस जवळ आला होता. अठ्ठाविसाव्या दिवशी तपासणी झाली नाही तर सगळी तुलनाच बिघडते. चुना मी स्वतः लावला. पातळ चुना हाताला लागतो, पुसला जातो, म्हणून मी त्यात डिंक घातला. रंगारी घालतात ना, भिंतीचा रंग कपड्यांना लागू नये म्हणून. शिवाय दोन हात दिले, कारण एका हाताने ते मला नीट पांढरं वाटेना. मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं. फोटो सुंदर येणार होते.

तुम्ही आलात, पहिल्या चकतीवरून अंगठ्याचं नख फिरवलंत आणि विचारलंत, "डिंक घातला का यात?" मी हो म्हटलं. "मग हा पापड झाला, मॅडमजी. पापड आधी मोडतो." मी हसले आणि दोरी हातात घेतली. सातव्या की आठव्या घावाला मला काचेतून स्पष्ट रेघ दिसली, गोळीपासून काठापर्यंत गेलेली. मी म्हटलं, "बोलली." तुम्ही हात वर केला नाहीत. वाकून बघत राहिलात, मग मान हलवलीत. "चकती नाही बोलली, मॅडमजी. चुना बोलला."

तेव्हा जे वाद झाले ते मला शब्दन् शब्द आठवतात. तुम्ही म्हणत होता, एक चकती धुऊन पाहू, एकच. मी म्हणत होते, ओली केली तर नमुन्याची अवस्था बदलेल, मग ती मोजणीत धरता येणार नाही. तुम्ही म्हणालात, सोळातली एक गेली तर जाऊ द्या, पंधरा तर खऱ्या राहतील. मी म्हणाले, सोळा म्हणजे सोळा. एक मग पाणी लागलं असतं, काका, आणि दहा मिनिटं. तेवढ्यासाठी मी तुमच्याशी तीन दिवस भांडले. नोंदवहीत मी शाईने माझे आकडे लिहीत गेले आणि तुम्ही प्रत्येकाच्या शेजारी पेन्सिलने तुमचे, माझ्या आकड्यांच्या तिप्पट-चौपट. तुमच्या आकड्यांप्रमाणे चीर खूप उशिरा पडत होती आणि त्यानंतर चकतीला फारसा अवधी उरत नव्हता. माझ्या आकड्यांप्रमाणे चीर लवकर पडत होती आणि मग चकती पुढे कितीतरी वेळ तग धरत होती. याचा अर्थ, एवढं कडक काँक्रीट घावाखाली फुटण्याआधी भरपूर सूचना देतं, सावध व्हायला वेळ देतं. असं आजवर इतक्या ठळकपणे कुणी दाखवलं नव्हतं. मला ते खरं हवं होतं. मला ते इतकं हवं होतं की मी ते पाहिलं.

मला शंका नव्हती असं मी आता म्हणणार नाही. शंका होती म्हणूनच आवाज चढला. तिसऱ्या दिवशी चिडून मी म्हटलं, "काका, चीर नाही असं नाही, तुम्हाला ती दिसत नाहीये." आणि नाचता येईना अंगण वाकडं अशी गत माझी, पण म्हण मी तुम्हाला ऐकवली, विद्यार्थ्यांसमोर. तुम्ही स्टुलावरून उठलात, हात पुसलेत आणि गोणपाटाचा पडदा नीट सरकवून ठेवलात.

त्याच संध्याकाळी मी विभागप्रमुखांना मेल लिहिला. इंग्रजीत लिहिला, कारण इंग्रजीत क्रूर गोष्टी कार्यालयीन वाटतात. वाढत्या वयामुळे तांत्रिक कर्मचाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून निरीक्षणं घेणं यापुढे योग्य नाही, असा तो मजकूर होता. निवृत्तीनंतर तुम्ही वर्षावर्षाच्या करारावर होता. करार वाढवला गेला नाही. माझ्या मेलचं तुम्हाला कळलं, आणि तुम्ही माझ्याकडेच आलात. भांडायला नाही. दारात उभे राहून, आवाज खाली घेऊन विचारलंत, "मॅडमजी, खरं सांगा. खरंच नजर गेली का माझी?"

मी खरं सांगू शकले असते. निदान 'मला माहीत नाही' म्हणू शकले असते. मी म्हटलं, "काका, या वयात होतं असं. मनाला लावून घेऊ नका." तुम्ही थोडा वेळ स्वतःच्या हातांकडे पाहिलंत, एकदा उजव्या, एकदा डाव्या. मग म्हणालात, "अच्छा झालं सांगितलंत. आणखी कुणाचं नुकसान झालं असतं."

माझा लेख छापून आला. त्यात एका चकतीचा फोटो आहे. पहिली चीर पडल्यावर घाव थांबवून ती मी मुद्दाम राखून ठेवली होती; पाण्यासाठी एक द्यायला नाही म्हणणारी मी, फोटोसाठी दिली. पांढऱ्यावर काळी रेघ, एकदम झकास. ती चकती माझ्या खोलीत, खिडकीतल्या फळीवर विराजमान होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती दाखवायचे. आभारात तुमचं नाव होतं, यादीत शेवटचं.

तुम्ही गेल्याचं मला विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. खाली जोडलेल्या हातांची चाळीस चिन्हं होती, त्यात एक मीही टाकलं. पंचकुइयाच्या स्मशानात गेले नाही. तोंडी परीक्षा होती, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ती होतीही. पण खरं कारण ते नव्हतं.

सभेसाठी मुलांना तुमच्या फोटोशेजारी तुमच्या हातची एखादी वस्तू ठेवायची होती. कुणीतरी म्हणालं, मॅडमच्या खोलीत ती चकती आहे ना. मी ती खाली काढली. वर्षभराची धूळ होती. ओल्या फडक्याने पुसायला घेतली आणि फडकं पांढरं झालं. डिंक तो, पाण्यात विरघळणारच. चुन्याचा पोपडा सुटला आणि त्याच्याबरोबर ती रेघही सुटून फडक्यात आली. खाली राखाडी, गुळगुळीत काँक्रीट. मी बेसिनवर नेऊन नळाखाली धरली. सगळा चुना घासून काढला. मग ती टेबलावर ठेवून पंखा बंद केला आणि खुर्ची ओढून बसले, तुम्ही बसायचात तशी, गाल जवळ नेऊन. काठ सुकला. मग मधला भाग सुकला. रेघ मागे उरली नाही. एकही नाही. मी पुन्हा ओली केली, पुन्हा सुकू दिली. तिसऱ्यांदा करेपर्यंत बाहेर सभेच्या खुर्च्या मांडल्याचे आवाज यायला लागले होते.

चकती मी सभेत नेली नाही. मुलांना सांगितलं, सापडत नाही. म्हणजे तिथेही खोटंच बोलले.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांकडे गेले आणि सगळं सांगितलं. लेख मागे घ्यावा लागेल, म्हटलं. त्यात जो अवधी दाखवलाय तो नाही; उद्या कुणी त्याच्या भरवशावर पुलाच्या कठड्याचं किंवा कारखान्याच्या फरशीचं गणित मांडलं तर चीर दिसल्यावर सावध व्हायला त्यांना वेळ मिळणार नाही. ते त्यांनी ऐकलं, मान्यही केलं. मग मी त्या मेलचं बोलले. तो मजकूर खोटा होता, तसं लेखी देते, वाघमोडेकाकांच्या फाइलला लावा. ते अगदी सहानुभूतीने म्हणाले, "मैडम, अब किसके लिए? आदमी तो चला गया." त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे. बैल गेला नि झोपा केला. मी तरी ते पत्र दिलं. फाइलला लागलं असेल. फाइल कपाटात गेली असेल.

काल संध्याकाळी मी तुमच्या घरी गेले. जुन्या इंदूरमध्ये इतकी वर्षं राहत होता, मी पहिल्यांदाच आले. काकूंनी मला ओळखलं नाही, पण नाव सांगताच पदर सारखा करून म्हणाल्या, "या न मॅडमजी, हे नेहमी तुमची तारीफ करायचे." पाणी आणलं. मी ग्लास हातात धरून बसले. कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून विचारलं, "काका शेवटी शेवटी कसे होते?"

काकू म्हणाल्या, "तब्येत तर ठीक होती. फक्त नजरेची हाय खाल्ली. स्कूटर भाच्याला देऊन टाकली. मी म्हटलं, अहो, तुम्हाला दिसतंय की चांगलं. तर म्हणाले, मॅडमजींनी लिहून दिलंय, नजर भरोशाची नाही. रस्त्यात कुणाला ठोकलं तर?"

मी विचारलं, डॉक्टरकडे नाही गेले?

"मीच घेऊन गेले, छत्रीबागेत. डॉक्टर बोलला, वयाच्या हिशोबाने एकदम फर्स्टक्लास. पण हे मानायलाच तयार नाहीत. डॉक्टर मोठी मोठी अक्षरं दाखवतो म्हणे, बाल से बारीक चीर थोडीच दाखवतो. मॅडमजी पीएचडी आहेत, त्या उगाच नाही लिहिणार." मग म्हणाल्या, "माझी सुई हेच ओवून द्यायचे, लग्न झालं तेव्हापासून. ते पण सोडलं. शेजारच्या मुलीला बोलवा म्हणायचे. मी एकदा गुपचूप पाहिलं, एकटे बसून ओवत होते. पहिल्या झटक्यात ओवली. तरी काढून ठेवली परत, आणि मला म्हणाले, तुक्का लागला असेल."

काका, मी तुम्हाला चार महिन्यांपूर्वी अन्नपूर्णाच्या रस्त्यावर पाहिलं होतं. फळवाल्याच्या गाडीपाशी. तुम्ही माझ्याकडे सरळ पाहिलंत आणि ओळख न दाखवता निघून गेलात. मला वाटलं, राग धरलाय. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. तुम्ही रागावलेले असलात तर माझं थोडं फिटल्यासारखं होतं. मी हे काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाही हो, राग कसला? घरी येऊन सांगितलं न मला. मॅडमजींसारख्या कुणी दिसल्या, पण आवाज नाही दिला. आपल्या नजरेचा काय भरोसा. भलत्याच बाईला हाक मारली तर?"

मग मी सांगितलं. सगळं. चुना, डिंक, मगभर पाणी, मेल, तुम्ही दारात येऊन विचारलेला प्रश्न आणि माझं उत्तर. काँक्रीटचं काकूंना किती कळलं ठाऊक नाही. माझं बोलून संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे यांना दिसत होतं?"

मी म्हटलं, "हो."

"सगळं?"

"सगळं. माझ्यापेक्षा नीट."

मी माफी मागितली. मागितली म्हणजे काय, शब्द तोंडातून बाहेर पडले. काकू उठल्या. मला वाटलं, आतल्या खोलीत जातील, रडतील, मला काहीतरी बोलतील. त्या माझ्या हातातला पाण्याचा ग्लास घेऊन बाजूला ठेवून म्हणाल्या, "हे असते न, तर हात जोडून उभे राहिले असते. म्हणाले असते, राहू द्या मॅडमजी, तुम्ही आल्या हेच खूप." मग दरवाज्यापर्यंत गेल्या. "मी नाही म्हणणार."

मी "बरोबर आहे" म्हटलं आणि चपला घातल्या. त्या मी गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत दार धरून उभ्या होत्या, मी वळून पाहिलं तरी आत गेल्या नाहीत.

काका, तुम्हीही नका म्हणू.